गेनबाच्या सनईची पत्ती

मथुरानं बांबूची नळी पालथी केली आणि तळहातावर पडलेली पत्ती उजेडाकडे धरली. हिलाही चीर जायला लागली होती. बाकीच्या सगळ्या या उन्हाळ्यात फुटल्या होत्या. ही एकच उरली होती.

तिचा नवरा गेनबा गुरव. पेठेतल्या महादेवाच्या देवळात तो सनई वाजवायचा. सनईच्या तोंडाशी ताडाच्या पानाची बारीक पत्ती असते. ती चांगली असेल तर सूर लागतो, नाहीतर नुसता वारा जातो. पत्त्या करायची मथुरा. पान भिजवायची, कातरायची, बांधायची, मग दार लावून हलक्या फुंकेनं स्वतःच वाजवून बघायची. कुठली पत्ती नवी, कुठली मुरलेली, हे गेनबाच्या कधी लक्षात राहायचं नाही. म्हणून तिनं दोऱ्यांच्या खुणा ठरवल्या. कडक असेल तिला पिवळा दोरा. मुरली की लाल. मऊ पडली, घरच्या सरावापुरती उरली, की काळा.

"दोरा बघून तोंडात घालत जा," ती म्हणायची.

"तू आहेस की सांगायला," तो म्हणायचा आणि न बघताच हात पुढे करायचा.

फौज उत्तरेला निघाली तेव्हा चौघड्याबरोबर गेनबालाही नेलं. मथुरानं लाल दोऱ्याच्या पत्त्या दोन नळ्यांत भरल्या. एक त्याच्या कमरेला बांधली, दुसरी ठेवून घेतली. परत आला की लगेच देवळात वाजवायला लागेल, तेव्हा करत कुठे बसणार?

मग पानपताची बातमी आली. कोण पडलं, कोण वाचलं, धड कुणालाच सांगता येईना. काही परतले. गेनबा परतला नाही, आणि तो पडल्याचंही कुणी पाहिलं नव्हतं. मथुराच्या कपाळावरचं कुंकू तसंच राहिलं. शेजारच्या शालूचंही राहिलं. तिचा नवरा घोडदळात होता. समोरच्या बायडाबाईचा मुलगा बजरंग, तोही गेला होता. ती अजून त्याच्या वाटची भाकरी थापायची आणि संध्याकाळी गाईला घालायची.

मथुरा अधूनमधून नळी उघडायची. पत्त्या पाण्यात बुडवून पुसायची, ओठांत धरून ओलावायची, सैल झालेला दोरा नव्यानं बांधायची. देवळात आता तिचा दीर सोनबा वाजवत होता. तो एकदा दारात येऊन म्हणाला होता, "वहिनी, दादाच्या पत्त्या मला द्या. वाजत राहिल्या तर टिकतील. नुसत्या ठेवून वाळताहेत."

"त्या यांच्या तोंडाच्या आहेत, भावजी. हे आले की काय वाजवतील?"

"दादाला जाऊन दोन वर्षं झाली, वहिनी."

"येतील."

सोनबा तसाच माघारी गेला होता.

आता हातात ही एकच होती. दोन बोटांत दाबली तर तीही जाईल. आणि ठेवली तरी जाईल, आज नाहीतर उद्या. मथुरा बराच वेळ तिच्याकडे बघत बसली. मग उठली. गेनबाची जुनी सनई खुंटीवर होती. ती तिनं काढली, पदरानं पुसली, पत्ती तोंडात ओली केली आणि लावली. दार लावायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

पहिली फुंक अडखळली. दुसरी लागली. हलकी नव्हे, पोटातून आलेली, मोकळी. गेनबा सकाळी वाजवायचा तीच धून. सूर संपवताना तो क्षणभर रेंगाळायचा, जायचं मनात नसल्यासारखा. तिची बोटंही तिथंच रेंगाळली. मथुरानं डोळे मिटले. समोर गेनबा बसला होता, अगदी हात पुढे केला तर लागेल इतका जवळ.

बाहेर पावलं वाजली. कुणीतरी पळत येत होतं.

"आले?" शालू दारात उभी होती. हातांना पीठ, पदर खांद्यावरून घसरलेला. "मथुराताई, गेनबाभाऊजी आले ना? त्यांच्याबरोबर आणखी कोण आलं?"

तिच्यामागं आळीतल्या आणखी बायका. त्यांना बाजूला सारत बायडाबाई पुढं आली. म्हातारीला धाप लागली होती. "माझा बजरंग कुठाय? मागं राहिलाय का?"

मथुराच्या हातातली सनई खाली आली. "येतील" हा शब्द दोन वर्षं तिच्या तोंडात बसलेला होता. तो आताही जिभेवर आला. तिनं तो गिळला.

"कुणी आलं नाही," ती म्हणाली. "मीच वाजवत होते."

शालूनं चौकट धरली. मथुरा मान खाली घालून उभी राहिली. आता या शिव्या देतील, द्याव्यातच, असं तिला वाटलं.

बायडाबाई हळूहळू पायरीवर टेकली.

"पोरं निघाली त्या दिवशी गेनबा हेच वाजवत होता," ती म्हणाली. "मी चूल सोडून बाहेर आलेच नाही. शिदोरी बांधत राहिले. वाटलं, आल्यावर ऐकू." तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, नुसती वर बघत राहिली. "वाजव बाई. आज ऐकू दे."

शालू तिच्या शेजारी बसली. मग बाकीच्याही बसल्या.

मथुरानं सनई पुन्हा ओठांना लावली. चीर वाढत होती, सूर कडेनं फाटत होता, तरी ती थांबली नाही. धून संपायच्या आतच पायरीवरून एक हुंदका आला, मग दुसरा. आणि पानपताची बातमी आल्यापासून त्या आळीत पहिल्यांदाच बायका मोठ्यानं रडल्या.