सहा मिनिटांची ढोलकी

"थांब म्हटलं ना!" गोदाक्का तिसऱ्यांदा ओरडल्या, तरी नातीची बोटं जेवणाच्या ताटावर वाजतच राहिली. आमटी सांडली, भात उडाला, पण तालात एक चूक नाही.

"आज्जे, हात ऐकत नाहीत गं," सात वर्षांची मैना रडकुंडीला आली.

गोदाक्कांनी सुनेला धारेवर धरलं. "पोरीच्या कानामागं हे काय चिकटवून आणलंस?"

"चकती आहे, आत्याबाई. सहा वर्षांत शिकायची ढोलकी सहा मिनिटांत डोक्यात उतरते. शाळेनंच सांगितलं, संगीत शिकलं की मेंदू वाढतो, मूल स्वतःला आवरायला शिकतं."

"मग आवरलं का?" तमाशाच्या फडात चाळीस वर्षं ढोलकी गाजवलेल्या गोदाक्का कडाडल्या. "वाजवायला मी दोन वर्षांत शिकवते. पुढची चार वर्षं हात आवरायला शिकवण्यात जातात. ती कुठायत यात?"

गोदाक्कांनी चकती उपटून अंगणात भिरकावली, तरी बोटं थांबेनात. डोक्यात उतरलेलं उतरलंच होतं.

त्यांनी नातीला मांडीवर ओढलं, तिचे हात आपल्या मुठीत घट्ट धरले.

"रडू नको. आता मी गाते. गाणं संपेपर्यंत तुझं काम एकच, वाजवायचं नाही."