उशिरा आलेला टचडाउन

चेस्टर हल्ली सगळं उशिरा सांगतो, ही बर्निसची तक्रार होती. उशिरा म्हणजे फार नाही, अर्धाएक मिनिट. पण अमेरिकन फुटबॉलमध्ये अर्ध्या मिनिटात माणूस म्हातारा होतो.

नऊ वर्षं दर रविवारी सकाळी अकराला पिट्सबर्गहून या धाकट्या भावाचा फोन यायचा. इथे फिनिक्समध्ये टीव्हीवर ॲरिझोनाचाच संघ दाखवायचे. डिश लावावी, तर इमारतीच्या मालकाला भिंतीला खिळा ठोकलेला चालत नव्हता. आणि कॉम्प्युटरला बर्निसने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. तिला भाऊ पुरत होता. आईच्या घरात, आईच्या खुर्चीत बसून चेस्टर आपल्या काळ्या-पिवळ्यांचा, म्हणजे पिट्सबर्गच्या संघाचा सामना बघायचा आणि फोनवर ओरडून सांगायचा. मांडीवर संघाचा पिवळा टॉवेल घेऊन ती ऐकायची.

वरच्या मजल्यावरचा वेंडेल मूळचा पिट्सबर्गचाच, निवृत्त बस ड्रायव्हर. तो इंटरनेटवर बघायचा. टचडाउन झाला, चेंडू शेवटच्या रेषेपार जाऊन सहा गुण मिळाले, की असा नाचायचा की बर्निसचं छत हादरायचं. पण चेस्टर आधी सांगायचा, छत नंतर हादरायचं. नऊ वर्षं हाच क्रम.

गेले तीन रविवार तो उलटला होता. छत आधी, चेस्टर मागून.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं. विचारलेलं कळायचं, उत्तर यायला वेळ लागायचा. आई म्हणायची, थकलेत. महिन्याभरात ते जिन्याच्या पायथ्याशी सापडले, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्या घराला रस्त्यापासून त्रेचाळीस पायऱ्या, आणि आता तिथे चेस्टर एकटा. त्याचा मुलगा रिची टेनेसीत. घर काढून टाका, माझ्याकडे या, असा त्याने उन्हाळ्यात घोषा लावला होता. बर्निसने त्याला फोनवर असं फैलावर घेतलं की पुन्हा विषय निघाला नाही. एप्रिलमध्ये ती स्वतःच परत जाणार होती. मरायचं ते आईच्या पलंगावर, हे ठरलेलं होतं. घराची किल्ली कायम पर्समध्ये असायची.

पण तोवर चेस्टर जगायला हवा होता.

"चेस्टर, आईचं माहेरचं आडनाव सांग."

"काय?"

"सांग म्हणते ना."

"कोवालचिक. तिसरा क्वार्टर चाललाय बर्निस, आणि तू माझी परीक्षा घेतेस?"

"उजवा हात वर कर."

"केला. त्यात बिअर आहे. चालेल?"

"जीभ जड वाटतेय का?"

"तुझ्यापुढे? जन्मापासून."

उत्तरं पटापट आली. खेळ तेवढा उशिरा येत होता. त्यानेच ती जास्त घाबरली. वडिलांनाही जुनं सगळं आठवायचं, समोरचं तेवढं पोचायला वेळ लागायचा.

"आज मालगाडी ऐकू आली नाही," ती म्हणाली. तिसऱ्या क्वार्टरात घराखालच्या रुळांवरून मालगाडी जायची, खिडक्या थडथडायच्या आणि चेस्टर म्हणायचा, थांब, गाडी जाऊ दे.

चेस्टर खाकरला. "रविवारची बंद केली."

"कधी?"

"झाले थोडे आठवडे. तू खेळ ऐकणार आहेस की रेल्वेचं टाइमटेबल?"

तिने खेळ ऐकला. म्हणजे त्याचा आवाजच ऐकला. कुठला शब्द घसरतोय, कुठला अडखळतोय, ते तपासत राहिली.

शेवटचं मिनिट आलं.

"चार गुणांनी मागे आहोत. आठ यार्ड राहिलेत. चेंडू सुटला, आणि..."

आवाज थांबला. त्याचाच नव्हे, मागून येणारा समालोचकाचाही.

"चेस्टर?"

श्वास तेवढा ऐकू येत होता. जड, नाकातून.

"चेस्टर! डोकं दुखतंय का? अरे, हूं तरी म्हण!"

वरचं छतही गप्प होतं. बर्निस उभी राहिली तसा टॉवेल पायाशी पडला. घरात फोन हा एकच. ठेवला, तर तिच्या भावाचा श्वास तुटणार. धरून ठेवला, तर अँब्युलन्स कोण बोलावणार? तिला त्या त्रेचाळीस पायऱ्या दिसल्या, त्यांवरचा बर्फ दिसला, स्ट्रेचर तिरकं करून उतरवणारी माणसं दिसली. वडिलांना तसंच उतरवलं होतं. तिच्या तोंडून आईची पोलिश प्रार्थना निघाली, निम्मीच आठवली, आणि तीच ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली.

मग छत हादरलं. त्याच्यामागून चेस्टर किंचाळला, "टचडाउन! बर्निस, जिंकलो!"

ती मटकन खुर्चीत बसली. "मेल्या, कुठे होतास?"

"अडकलं होतं गं."

"काय अडकलं होतं?"

पुन्हा तो खाकरला. "शेंगदाणा. घशात."

"उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं. शपथ घे."

दारावर थाप पडली. वेंडेल धापा टाकत उभा होता, चेहरा लालबुंद. बर्निसने रिसीव्हर छातीशी धरला.

"मिसेस वोयचिक, जिंकलो! पण तुम्हाला काय, केव्हाच कळलं असेल. तुमचा भाऊ गावातच. साध्या अँटेनावर ताजं ताजं बघतो. आम्ही बाहेरगावचे नेटवाले, आमचं कायम अर्धा मिनिट मागे. आणि आज ऐन वेळी अडकलं की हो! आठ यार्डांवर! माझ्या मेव्हण्याचंही तिथेच अडकलं. फ्लोरिडात बसून त्याने मला शिव्या घातल्या."

"अडकलं," बर्निस म्हणाली.

"ठप्प. आवाजसुद्धा गेला. नुसतं चाक गरगरतंय."

बर्निसने त्याच्या तोंडावर दार लावलं. पर्समधून किल्ली काढली, तळहातावर ठेवली आणि रिसीव्हर कानाला लावला.

"कोण आलं होतं गं?" चेस्टर विचारत होता. "हे बघ, चिडू नकोस. जातो म्हणतो ना उद्या डॉक्टरकडे."

"नको जाऊस," ती म्हणाली. "चेस्टर, तुला काहीएक झालेलं नाही. तू रिचीकडे बसून नेटवर बघतोयस. तू आईचं घर विकलंयस."