कोरी जागा

प्रदर्शनात साबणाच्या टेबलापाशी एक तरुण आई कडेवरच्या बाळाला सावरत थांबली. वडी उलटून तिने मागच्या चिठ्ठीवरची घटकांची सगळी यादी वाचली, वास घेतला, पुन्हा वाचली.

"बाळाच्या अंगाला चालेल ना? काही उठणार-बिठणार नाही ना?"

"नाही उठणार," साबणवाली म्हणाली आणि वडी कागदात गुंडाळू लागली. तेवढ्यात तिची डावी बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत नाण्याएवढे लाल चट्टे होते.

आईने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "राहू द्या, नंतर बघते," म्हणाली आणि समोरच्या मोठ्या दुकानात शिरली.

"बाही खाली ठेवायला काय होतं गं तुला?" शेजारी बसलेली थोरली जाऊ करवादली. "निदान सांगायचं तरी, की हे ज्या साबणांनी उठलं, ते आपण विकायला काढलेच नाहीत म्हणून!"

"तिच्या जागी मी असते, तर मीही घेतला नसता."

घरी आल्यावर साबणवालीने नव्या वडीचा फेस केला. डाव्या हातावर आता कोरी जागा उरली नव्हती. तिने उजवी बाही वर केली.