गाडी बंद का पडते?

गाडी तिसऱ्यांदा आली होती आणि स्कॅनर तिसऱ्यांदा तोच बिघाड दाखवत होता. इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर.

"गेल्याच आठवड्यात नवा टाकलाय की! ह्या गाडीला झालंय तरी काय?" वैजनाथ मेकॅनिक चिडला. चिडला खरा, पण आतून खूश होता. असला चकवा देणारा बिघाड त्याला लई आवडायचा.

"आज चढावर दोनदा गपकन बंद पडली," लिंबाजीतात्या म्हणाले. "काय करायचं ते लवकर कर बाबा. घरी बायको कस्तुरा एकटीच आजारी पडून हाय. सुनेनं भरवलं तरच दोन घास खाती."

सून सोनाली शेजारीच बोनेटमध्ये वाकून बघत होती. आरोग्यसेविकांच्या यादीत नाव लागून तिला महिना झाला, पण नेमणुकीची ऑर्डर काही येईना. दर मंगळवारी तात्या तिला धाराशिवला घेऊन जात. उन्हात तिला कशाला त्रास, म्हणून तिला गाडीतच बसवत आणि स्वतः ऑफिसात जाऊन येत. "अजून निघाली न्हाय म्हणं." असा सासरा मिळायला नशीब लागतं, असं अख्खं बेंबळी गाव म्हणायचं. सोनालीही म्हणायची.

"नवा सेन्सर बी खराब निघाला व्हय?" तिनं विचारलं.

"सेन्सर चांगलाय वहिनी. त्याच्यावर कायतरी येऊन बसतंय." वैजनाथनं तो काढून उजेडात धरला. आतल्या तारेला कागदाचा कपटा चिकटला होता. "हात्तिच्या! हे कुठनं आलं?"

त्यानं एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टरला भोक पडलेलं, आणि खाली उंदराचं घरटं. कापूस, सोयाबीनची फोलपटं, कागदाचे तुकडेच तुकडे.

"घ्या! डॅशबोर्डातले कागद ओढून आणतंय बेणं. काय ठेवता तात्या तिथं?"

"असतील जुन्या पावत्या. दे टाकून."

सोनालीला मात्र तुकडे जुळवायचा नादच लागला. खोक्याच्या झाकणावर ती एकेक लावत गेली. अर्धा शिक्का. मग 'आरोग्यसेविका पदावर'. मग 'सोनाली योगीराज'.

तिचा हात थांबला.

"मामा, माझी ऑर्डर! आली होती की हो!" तिनं उरलेले तुकडे भराभर चाळले. "तारखेचा तुकडा खाल्लाय मेल्यानं. हजर व्हायची मुदत गेली असंल का? आता कुणाला विचारू?" आणि ती तिथंच रडायला लागली.

वैजनाथ उगाच डबा पुसत राहिला. तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"रडू नको पोरी," ते खाली बघत म्हणाले. "उद्या पाचपर्यंत हाय मुदत."