भिंतीच्या आतलं

आयुष्यात पहिल्यांदाच भाड्याने घर घेणारी ती नर्स भलतीच चोखंदळ निघाली. करारावर सही करण्याआधी तिने घरमालक काकांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

"नळ गळला तर?"

"तो तुम्ही बघायचा. भिंतीच्या आतलं बिघडलं तर मी. बाहेरचं सगळं तुमच्याकडे."

तिला पटलं. कुणी काय निस्तरायचं, ते आधीच ठरलेलं बरं.

थोड्याच दिवसांत स्वयंपाकघराच्या भिंतीतून टकटक ऐकू येऊ लागली. तिने फोन करताच काका भर दुपारी आले, तेही हात हलवत. त्यांनी भिंतीला कान लावला आणि बोटाने हळूच टकटक केली. आतून तितकीच हळू टकटक आली, मग थांबली.

"पाइप होता का?"

"आतलं माझ्याकडे, ठरलंय ना आपलं?" तिची नजर चुकवत ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ती भांडी घासत असताना टकटक पुन्हा सुरू झाली. तिने भिंतीला कान लावला. भिंत गप्प होती. आवाज तिच्या पाठीमागच्या कपाटातून येत होता.

तिने लगेच फोन लावला. "काका, ते आता भिंतीत नाहीये. कपाटात आहे."

 पलीकडे काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"मग आता ते तुम्ही बघायचं, ताई."