अडकित्त्यानं कापलेली गोळी

थायरॉईडच्या तपासणीत रंभाचा आकडा बारावर गेला आणि सिंदेवाहीच्या डॉक्टरनं तिची गोळी वाढवून दिली, तेव्हा तिचा नवरा मुखरू दवाखान्यातच फिस्सकन हसला. "आकडा वाढला तं गोळी कमी करा लागते. अन् हा शहाना वाढवून राह्यला!" युरियाच्या पोत्यापलीकडे या माणसानं जन्मात काही वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी सुपारीच्या अडकित्त्यानं गोळीचे दोन तुकडे करू लागला. एक रंभानं खायचा, दुसरा डबीत जपून ठेवायचा. पण उठून एखादी वस्तू जागेवर ठेवणं त्याला कधी माहीतच नव्हतं, म्हणून दोन्ही तुकडे तिच्याच हातात पडत. रंभा ते घेऊन आत जाई; त्याला समजावण्यापेक्षा भिंत बरी. भिंतीशी बोललं तर भिंत निदान मध्ये तोंड तरी घालत नाही.

दोन महिन्यांनी आकडा तीनवर उतरला. मुखरूनं रिपोर्ट गावभर मिरवला. संध्याकाळी शेजारच्या उर्वशी आणि दिव्यानी आपापल्या थायरॉईडच्या गोळ्या घेऊन ओसरीवर हजर!

"रंभे, अडकित्ता आन वं! अन् डबी बी आन, किती गोळ्या वाचवल्या ते पाहू दे या बायायले," मुखरूनं आवाज दिला.

रंभानं दोन्ही आणलं आणि डबी उघडून त्या दोघींसमोर उलटी केली. एक कणसुद्धा पडला नाही.



"बायांनो, आमच्या यायचं काम गोळी तोडाचं होतं, ठेवाचं माह्यं. मी रोज दोन्ही तुकडे खाल्ले, म्हनून आकडा उतरला."