पाटीवरचा माणूस

मरणाच्या आदल्या दिवशीही कलावती रस्त्यावर रोलर चालवत होती. तिचा डबा घेऊन आलेली मुलगी, केतकी, 'काम चालू'च्या पाटीपाशी थांबली. नव्या पाट्यांवर ठरलेलं चित्र नसायचं. बघणाऱ्याच्या मनात जी आकृती असेल, तीच त्याला दिसायची.

"तुला कोण दिसतं गं?" आईने रोलरवरून विचारलं.

"तूच की!"

"नशीब माझं. मुकादमाला अजून मिशीवालाच दिसतो मेल्याला."

केतकीलाही फावडं मारणारा पुरुषच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई झोपेतच गेली. त्यानंतर केतकी रोज पाटीसमोर येऊन उभी राहायची. डोळे मिटून आईचा हेल्मेटखालचा अंबाडा, डिझेलचा वास येणारा पदर आठवायची आणि डोळे उघडायची. तोच पुरुष. कॉलेजात ती 'आई नगरपालिकेत असते' एवढंच सांगत आली होती.

तेराव्या दिवशी काम संपलं. एक कामगार पाटी उचलायला आला.

"ताई, सरका जरा. रस्ता सुरू झाला."

केतकी हलली नाही.

"माझी आई रोलर चालवायची," ती त्याला म्हणाली. "हा रस्ता तिने केलाय."